दोन उधाणांचं भांडण

जनाबाय, काल तुझं तेरावं झालं आणि आज सकाळी एक माणूस तुझं नाव विचारत वखारीत आला. उरणचा होता. तिकडे त्यांच्या भातगिरणीत उंदरांनी उच्छाद मांडलाय. "पनवेलला कोणी बाई आहे म्हणे, बाजारातली रानटी मांजरं धरून वखारीत बसवते, आणि मग ती तिथून हलत नाहीत. ती कुठे भेटेल?" असं विचारत होता. मी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि मग सांगितलं. तो बिचारा पेला हातात घेऊन उठून उभाच राहिला. पेला खाली ठेवून म्हणाला, "मग सामान काय लागतं, तेवढं तुम्ही लिहून द्याल का? आणि किती दिवस कोंडायची तेही."

सामानाचं काही नाही, ते मी झोपेतही सांगेन. पण किती दिवस, या प्रश्नाशी माझी पेन्सिल अडली. त्याला म्हटलं, बाजारातली कामं उरकून चार वाजता ये, कागद तयार ठेवतो. तो गेलाय. आता दोन वाजलेत. कानतुटी मांजरीची नात माझ्या गादीवर पसरली आहे, मला टेकायला लोडसुद्धा ठेवलेला नाही. आणि मी तुझ्याशी बोलायला बसलोय, कारण आपलं भांडण मिटल्याशिवाय हा कागद पुरा व्हायचा नाही.

लोक तुझ्याविषयी काय बोलतात ते तेरा दिवस ऐकतोय. किती कष्टाची, किती तिखट तोंडाची, मासळीबाजारात फाटकाजवळची पहिली जागा कशी तुझ्या सासूपासूनची. सगळं खरं आहे. पण त्यांच्यातल्या एकालाही तू गोणपाटाचा वास घेताना दिसलेली नाहीस. मला तू तशीच आठवतेस, डोळे मिटून, गोणपाट नाकाशी धरून, साऱ्या जगाला थांबवून उभी.

पहिल्यांदा वखारीच्या दारात आलीस तेव्हा नारळी पौर्णिमा चार दिवसांवर होती. रेशनिंग उठून वर्ष झालेलं, खारघर-तळोज्याकडच्या बैलगाड्या पुन्हा आमच्या दारात लागायला लागल्या होत्या, आणि जितकं भात आत यायचं तितके उंदीर त्याच्या मागून यायचे. आदल्या वर्षी शेठनी विषाच्या गोळ्या टाकल्या होत्या. उंदीर मेले ते थप्प्यांच्या पोटात जाऊन मेले, महिनाभर नाकाला उपरणं लावून आम्ही काम केलं. समोरच्या करीमभाईंची शेळी गोळी खाऊन मेली ती वेगळीच. आणि दिवाळीच्या आत उंदीर परत हजर. तरी यंदाही गोळ्याच टाकायच्या, हे शेठचं ठरलेलं होतं.

तू उंबऱ्याच्या बाहेर थांबलीस. डोक्यावर पाटी होती, आणि मी मासळीच्या वासाला नाक मुरडणारा माणूस आहे हे साऱ्या पेठेला ठाऊक होतं. तू म्हणालीस, "दिवानजी, तुमच्याकडं उंदीर हाईत, आमच्याकडं मांजरां हाईत. दोगांची गाठ घालून देऊ का?"

स्थळ घेऊन आल्यासारखी बोलत होतीस. मला हसू आलं. मग तू पुढचं सांगितलंस तेव्हा हसू गेलं. बाजारात मांजरं फार झाली म्हणून मुकादमाने फर्मान काढलं होतं, पोत्यात भरा आणि भरतीच्या पाण्यात सोडा. तू त्याच्याकडे रडलीभेकली नव्हतीस. सगळा बाजार डोक्यात फिरवून, कुणाला मांजरांची गरज आहे याचा विचार करून, थेट आमच्या दारात आली होतीस. मी आजवर एवढे व्यापारी पाहिले, पण असा व्यवहार जुळवणारा दुसरा पाहिला नाही.

शेठना मी पटवलं, यात माझी थोडी फुशारकी आहे ती राहू दे. ते म्हणाले, "दसऱ्याला वखारीची पूजा करतो. त्या दिवशी मांजरं दिसली आणि उंदीर दिसले नाहीत तर ठीक. नाहीतर दुसऱ्या दिवशी गोळ्या." गोळ्या पडल्या तर मांजरंही वाचणार नव्हती. म्हणजे वखारीत नांदली तर जगतील, नाही नांदली तर खाडीत किंवा गोळ्यांनी, एवढा साधा हिशोब होता.

मग मी सामान आणलं. आता आठवलं की माझे मलाच कान धरावेसे वाटतात. वेताची नवीकोरी टोपली, पितळेची वाटी, दुधाचा रतीब, पांढरंशुभ्र नवं कापड, आणि एक घंटा. ती पितळेची लहानशी घंटा मी विशेष हौसेने आणली होती, मांजर कुठे आहे ते कळावं म्हणून. घंटा पाहून तू पाटी खाली ठेवलीस आणि भिंतीला टेकून हसत बसलीस. "मांजराच्या गल्यात घंटा कोन बांधनार म्हनतात ना, तो मानूस मना आज दिसला." करीमभाई समोरून ऐकत होते. त्यांनी ते पेठभर केलं, आणि दिवाळीपर्यंत जो तो मला घंटेचा भाव विचारत होता.

तू माझं एकही सामान घेतलं नाहीस. मला धरून करीमभाईंच्या बारदानाच्या दुकानात नेलंस आणि मागच्या अंगाला पडलेल्या ढिगातून सामान निवडायला लागलीस. मी दारात उभा राहून शिकत होतो. एक खोका उचललास, उलटा करून पाहिलास, म्हणालीस याला दोन भोकं पाडा. मी विचारलं, एक नको का? "एक भोक असला तर कोंडवाडा, दोन असली तर घर. मांजर आत जाताना भायेर कसा पडायचा ते आदी बगतंय." पितळेची वाटी नको, कारण ती लवंडते आणि वाजते. त्यापेक्षा मातीची जड, पसरट परळ बरी. पाणी एका कोपऱ्यात, खाणं दुसऱ्या कोपऱ्यात. फुटक्या घमेल्यात खाडीची वाळू. गादी-उशी नको, भाताचा पेंढा हवा, कारण त्यात शिरता येतं. समोर पडदा म्हणून जुनं जाळं, म्हणजे आतून बाहेरचं दिसेल पण बाहेर पडता येणार नाही. दूध म्हणताच तू हात झटकलास. दूध पिऊन मांजर झोपतं आणि उंदीर नाचतात, हे तुझं ठाम मत. सुकट, दिवसातून एकदा, पोट अर्धं भरेल एवढीच. अर्ध्या पोटावर राखण होते, भरल्या पोटावर होत नाही.

आणि मग गोणपाट. करीमभाईंनी दोन चांगली, झाडलेली गोणपाटं पुढे केली. तू ती परत दिलीस. तुझ्या बसायच्या जागेखाली वर्षभर अंथरलेली दोन गोणपाटं तू घरून आणलीस, काळपट, ओलसर, बोंबील आणि करदीच्या वासाने भिजलेली. ती पेंढ्यावर अंथरलीस. मी मागे सरकलो. तू म्हणालीस, "नवी नवरी सासरी येतंय तवा माहेरचा कायतरी सोबत येतंय की नाय? हा ह्यांचा माहेर हाय. ह्याला हात लावू नका, दिवानजी."

मी हात लावला, जनाबाय. हेच ते, जे मी तुला आठ वर्षांत सांगितलं नाही.

पाच मांजरं तू धरलीस. डालग्याला काठीचा टेकू, टेकूला सुतळी, खाली एक बोंबील, आणि तू पलीकडे पान खात बसलेली. एक मांजर मी धरायला गेलो, त्याची खूण अजून मनगटावर आहे. कान फाटलेली कानतुटी, दोन काळ्या बहिणी, भुऱ्या आणि मोठ्या मिशांचा फौजदार. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ती आत गेली. पंधरा दिवस कोंडायची, मग दार उघडायचं, असं तूच तेव्हा सांगितलं होतंस.

चौथ्या दिवशी निरोप आला, दुपारी शेठ येणार. वखारीत वास असा होता की भातालाही तो लागेल असं मला वाटायला लागलं. आमच्या घरी कांदासुद्धा चातुर्मासात येत नाही. मला राहवलं नाही. जाळं बाजूला करून ती दोन्ही गोणपाटं काठीने ओढून काढली, मागच्या विहिरीवर सोडा घालून उकळत्या पाण्यात टाकली, बडवली, उन्हात वाळवली आणि तू यायच्या आत परत अंथरली. जमिनीवरून फिनेलही फिरवलं. शेठ आले, म्हणाले, "स्वच्छ ठेवलंय." मला बरं वाटलं.

संध्याकाळी तू आलीस. जाळ्याजवळ वाकलीस, उभी राहिलीस, माझ्याकडे पाहिलंस. पाचही मांजरं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसली होती आणि सुकट तशीच पडली होती. तू काही विचारलं नाहीस. जाता जाता एवढंच म्हणालीस, "मांजर डोले मिटून दूद पितंय, दिवानजी." मला वाटलं मी चोरून दूध पाजतोय असा तुझा वहीम आहे. मी म्हटलं, नाही गं, दूध बंद केलंय. तू बरं म्हणालीस आणि गेलीस.

पंधराव्या दिवशी पोळ्याची अमावस्या होती. सकाळी जाळं काढलं. पाच मांजरं पाच रेषांसारखी दारातून गेली, मागे वळून एकानेही पाहिलं नाही. दुपारपर्यंत सगळी बाजारात आपापल्या जागी हजर होती. फौजदार तर म्हणे मुकादमाच्याच खुर्चीखाली जाऊन बसला.

तू वखारीत येऊन पेंढ्याकडे बघत उभी राहिलीस. गोणपाट उचललंस, नाकाशी धरलंस, डोळे मिटलेस. आता ही बोलणार, असं वाटलं. तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "माजा चुकला. आज उधान हाय. मोठं पानी, मचवे भरून आलं, वारा बंदरावरून इकडं. वास आला नि गेली. पुडल्या येलला दोन उधाना आत जाऊ देत, नि दार भांगंला उघडायचा." उधाण पौर्णिमेला आणि अमावस्येला, भांग म्हणजे नवमी-दशमीचं उतरलेलं पाणी. तेव्हा मासळी कमी आणि बाजाराला वासही कमी.

त्याच क्षणी मी बोलायला हवं होतं. उधाण वगैरे काही नाही, मी गोणपाटं धुतली, एवढं एक वाक्य. तू चूक स्वतःवर घेतलीस आणि मी ती घेऊ दिली.

दुसऱ्या दिवशी करीमभाईंकडून कळलं की मुकादम पोती घेऊन आला होता आणि तू मध्ये उभी राहिलीस. दसऱ्यापर्यंत मुदत मागितलीस. तो म्हणाला, कशाच्या जोरावर? तू म्हणालीस, "दसऱ्यानंतर ह्यातलं एक मांजर जरी बाजारात दिसला, तर माजी फाटकाची जागा सोडीन नि मागं गटारापाशी बसीन." सासूची जागा तू पाच मांजरांवर लावलीस. करीमभाई म्हणाले, "दिवाणजी, या बाईची जबान म्हणजे पत्थर की लकीर. आता तुम्ही काही करा." त्यांना ठाऊक नव्हतं की करायचं ते मी आधीच करून बसलो होतो.

त्या दिवशी घरी मला जेवण गेलं नाही. बायकोने खोदून विचारलं तेव्हा तिला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आता नाक मुरडू नका, एवढंच करा." दुसऱ्या दिवसापासून सुकटीचा डबा आमच्या परसातल्या भिंतीवर दिसू लागला, घरापासून बारा हात लांब, पण आमचा.

गौरी गेल्या आणि मांजरं पुन्हा धरली. या वेळी ती डालग्याला सरावली होती, दोन दिवस लागले. तू नवी जुनी गोणपाटं आणलीस, म्हणजे पुन्हा तुझ्या बुडाखालची. मी ती स्वतःच्या हाताने अंथरली. तू माझ्या हातांकडे बघत होतीस. मग म्हणालीस, "रोज दुपारी एक घडी इथं बसायचा. जवल नाय जायचा, डोल्याला डोला नाय द्यायचा. बसून बोलायचा. त्यांना आवाज कलला पायजे कोनाचा हाय तो." काय बोलू, विचारलं. तू म्हणालीस, येतंय ते.

मला येत होते ते पाढे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. रोज दुपारी वखार जेवायला गेली की मी पेंढ्याशेजारी मांडी घालायचो आणि लहानपणी पंतोजींपुढे म्हणायचो तसे सुरात म्हणायचो. पहिले चार दिवस कुणी ढुंकून पाहिलं नाही. भाद्रपदाची पौर्णिमा आली, उधाणाच्या दिवशी पाचही जाळ्याला नाक लावून बसली, फौजदार ओरडून ओरडून थकला. तू बाहेर दारात पाटी ठेवून बसून राहिलीस त्या दिवशी, बाजार सोडून. पाणी उतरलं तशी ती शांत झाली. सर्वपित्री अमावस्येच्या उधाणाला एकटा फौजदार जाळ्याशी गेला, दोन हाका मारल्या आणि परत येऊन पडला. आणि मी अडीचकीला होतो तेव्हा कानतुटी खोक्यातून बाहेर आली, माझ्यापासून दोन हात अंतरावर बसली आणि अंग चाटू लागली. माझा पाढा चुकला. त्याआधीच्या तीस वर्षांत माझा पाढा चुकला नव्हता.

तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, "तुमच्या धोतराला आता आपला वास येतंय." तू ते बक्षीस दिल्यासारखं म्हणालीस आणि मी घेतलं. रस्त्याने जाताना लोक हसायचे, दिवाणजी बाटले म्हणायचे. माझी मान ताठ होती.

दसऱ्याची सकाळ. शेठ सहकुटुंब आले. तराजूला झेंडूची माळ, मापांना कुंकू, आणि शेठच्या खिशात गोळ्यांचं पुडकं, ते मी पाहिलं. भटजी यायच्या आधी तू जाळं काढलंस. दार उघडं होतं. आपण दोघं भिंतीला पाठ लावून उभे राहिलो. कानतुटी बाहेर आली, उंबऱ्यापर्यंत गेली, बंदराकडे तोंड करून हवा हुंगली. मग ती वळली आणि थप्प्यांच्या मधल्या अंधारात शिरली. तिच्या मागून काळ्या बहिणी, मग भुऱ्या. फौजदार उंबऱ्यावर बसला, बराच वेळ बसला. उठला तो आत आला.

शेठनी पूजा आटपल्यावर विचारलं, "कुठायत मांजरं? मला तर एकही दिसत नाही." मी गांगरलो. तू पदर खोचून पुढे झालीस. "शेट, दिसलं ते पाललेलं, नाय दिसलं ते राखनीचं. उद्या सकाली या."

तेव्हा माझी एक युक्ती कामाला आली, तेवढी तरी मी सांगणारच. जाण्याआधी मी मांजरांना वाट म्हणून मागची खिडकी उघडी ठेवली आणि भिंतीच्या कडेकडेने, सगळ्या थप्प्यांभोवती चुलीची राख चाळून पसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठना आणून मी कुलूप काढलं. शेठ धोतर सावरून उकिडवे बसले आणि त्या राखेत बोट फिरवत बघू लागले. गोल, मऊ पावलं, जाताना, येताना, थांबलेली, वळलेली. एका कोपऱ्यात उंदराची बारीक नखांची रांग येत होती, आणि गोल पावलांपाशी येऊन ती संपत होती. तिथून पुढे नव्हती. शेठ धोतर झटकत उठले. मग खिशातलं पुडकं काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे खोल खड्डा करून पुरा. शेळ्या फिरतात." विष त्या दिवशी जे वखारीबाहेर गेलं ते आजतागायत परत आलं नाही.

मी धावत बाजारात आलो. हो, धावत, पगडी हातात घेऊन. तू फाटकाजवळच्या जागेवर बसली होतीस, मुकादम समोर उभा राहून मांजरं शोधत होता. एकही नव्हतं. तू माझ्याकडे पाहिलंस, मी नुसती मान हलवली. तू सुरी बाजूला ठेवलीस आणि म्हणालीस, "इनायक, जेवलास का तू?" दिवानजी नाही, तुमी नाही. सबंध बाजारासमोर. मला तेव्हा काय वाटलं ते मी तुला कधी सांगितलं नाही, आज सांगतो. माझी आई गेल्यापासून मला असं कुणी विचारलं नव्हतं.

पुढचं सारी पेठ जाणते. करीमभाईंनी दोन मांजरं मागितली, मग बंदरावरच्या मिठाच्या कोठाराने, मग तळोज्याच्या भातवाल्याने. तू धरायचीस, मी सामान जमवायचो. दोन भोकांचे खोके, जड परळी, जुनी जाळी. आता या ओळीतल्या एकाही वखारीत गोळ्या पडत नाहीत. तू मासळी विकणारी बाई आणि मी पाढे म्हणणारा कारकून, आपण ही लढाई जिंकलो. तुझ्या तेराव्यालाही मी हेच म्हणत होतो आणि लोकांना वाटलं मी दुःखाने भ्रमलोय.

पण भांडण राहिलं. दर वेळी तू म्हणायचीस दोन उधाणं, दर वेळी मी म्हणायचो पंधरा दिवस पुरे. तळोज्याला तर आपण त्या भातवाल्यासमोर तासभर भांडलो. तू म्हणायचीस, पहिल्या वेळी काय झालं ते विसरलास? मी म्हणायचो, ते उधाणाने झालं नाही. मग कशाने, तू विचारायचीस. दर वेळी मी तिथवर यायचो आणि खोके मोजायला लागायचो. तू पानाला चुना लावत माझ्याकडे बघत राहायचीस, आणि म्हणायचीस, "मांजर डोले मिटून दूद पितंय." आठ वर्षं मला वाटत होतं, तू त्या दुधाच्या रतिबावरून चिडवतेस.

शेवटचं भांडलो ते तू आजारी पडण्याच्या आदल्या दिवशी, तेही यावरूनच. मी ठरवलं होतं, बरी झालीस की सांगायचं. तू बरी झाली नाहीस.

काल तेराव्याचं जेवण झाल्यावर तुझी सून सुभद्रा आवरत होती. तुला नाही तर निदान तुझ्या घरात कुणाला तरी सांगावं म्हणून मी तिला सगळं सांगितलं. सोडा, उकळतं पाणी, फिनेल. ती हातातलं ताट ठेवून माझ्याकडे बघत राहिली आणि हसली, रडतारडता.

"काका, आयेला पैल्याच दिशी म्हायती होता. सोड्याचा वास आयेला बाजारात बसून यायचा."

मी म्हटलं, मग बोलली का नाही?

"मीबी तेच इचारला होता. आये बोलली, बोललू तर त्यो लाजंल, नि लाजला तर परत यायचा नाय. मांजरांना पंदरा दिस खूप हाईत. दोन उधाना हाईत त्या दिवानजीसाटी. मानसाला वास लागाया येल लागतंय."

जनाबाय, मी तिथेच ओट्यावर बसलो. म्हणजे महिनाभर पेंढ्याशेजारी कोंडून, आवाज ऐकवून, पळू नये म्हणून उधाणांतून सांभाळून तू खरं कुणाला बसवत होतीस ते मला काल कळलं. मुकादमासमोर सासूची जागा लावलीस ती पाच मांजरांवर लावलीस असं मी आठ वर्षं समजत होतो. माझ्यावर लावली होतीस. आणि तरी दर वेळी भांडताना मला जिंकायची संधी देत होतीस, एका वाक्याची. ते वाक्य मी घेतलं नाही. आज घेतो. गोणपाटं मी धुतली होती. तुझं काही चुकलं नव्हतं.

कागद पुरा झालाय. दोन भोकांचा खोका, जड परळ, खाडीची वाळू, पेंढा, जुनं जाळं, अर्ध्या पोटाची सुकट. त्याच्याखाली मी लिहिलंय, गोणपाट बाजारातून आणावं आणि धुऊ नये, कितीही वाटलं तरी. शेवटी किती दिवस ते.

चार वाजता तो आला. कागद वाचून म्हणाला, "दोन उधाणं म्हणजे महिना झाला की. मांजराला एवढा वेळ लागतो?"

मी म्हटलं, "मांजराला नाही. रोज दुपारी तिथे कोण बसणार आहे?"

तो म्हणाला, "मीच. दुसरं कोण आहे?"

"मग दोन उधाणं," मी म्हटलं. "आणि पाढे येतात का तुला?"